इंद्याला पास दे की!

“दिग्या, डावीकडं बघ! इंद्या मोकळाय! दे की, दे की रे...”

दिग्यानं दिला नाही. समोर तिघं पाय रोवून उभे होते, त्यांच्यातूनच त्यानं चेंडू हाणला. तो पहिल्याच्या नडगीवर आपटून परत आमच्याच हाफमध्ये आला. समोरच्या कॉलेजच्या फॉरवर्डला कुणी अडवायलाच येईना, तेव्हा त्यानं तो रमतगमत आमच्या गोलमध्ये नेऊन ठेवला. डावीकडं इंद्या कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याच्या आसपास चिटपाखरू नव्हतं. सतरंजी टाकून पंगत बसवता आली असती तिथं.

“कशाला बोंबलालाईस?” पिराजी शेंगा सोलत म्हणाला. हा माझा होस्टेलमधला खोलीवाला. मॅच बघायला यायचा तो माझ्या सोबतीसाठी आणि शेंगांसाठी. “तो देणार न्हाई. तुला म्हाईत हाय, मला म्हाईत हाय, आन् इंद्याला तर जल्मल्यापासनं म्हाईत हाय.”

“मग मी काय करू?”

“शेंगा खा.”

ती मॅच आम्ही चार गोलनी हरलो. बघायला आम्ही दोघं होतो, आमचे खेळाचे घोरपडे सर होते आणि पलीकडं सावलीला एक म्हैस होती. म्हैस हाफ टायमाला उठून गेली.

मी मूळचा आजऱ्याचा. कॉलेजसाठी कोल्हापुरात आलो तेव्हा पहिल्या दिवशी वर्गात मला नाव नंतर विचारलं, आधी विचारलं, “कुठल्या तालमीचा?” कोल्हापुरात पेठेपेठेत तालीम आहे आणि तालमीची फुटबॉल टीम आहे. पोरगं चालायला लागायच्या आधी त्याची टीम ठरलेली असते. मी म्हणालो, आजऱ्याचा. “म्हणजे कुठलाच न्हाई,” विचारणारा म्हणाला आणि दुसऱ्याकडं वळला. तिथून पुढं माझं नाव घनसाळ पडलं, आमच्याकडच्या तांदळावरून. त्याचं मला काही वाटलं नाही. पण ज्याला तालीम नाही त्याला त्या गावात रविवारी संध्याकाळी तोंड उघडायची सोय नव्हती, याचं फार वाटायचं. सगळं गाव कशासाठी तरी भांडतंय आणि आपण मध्ये आजऱ्याचे. म्हणून मी कॉलेजची टीम धरली. ती कुणालाच नको होती, त्यामुळे मिळाली.

गावात आमच्या टीमला ‘प्रसाद’ म्हणायचे. येईल त्याला वाटायचा.

आता गंमत अशी, की टीम वाईट नव्हती. दिग्या म्हणजे दिग्विजय सरनाईक. नंदीवेस तालमीचा फॉरवर्ड, पोरसवदा वयातच पेठेचा लाडका. इंद्या म्हणजे इंद्रजित चौगुले, माळगल्ली तालमीचा हाफ, मधल्या फळीतला. त्याला डोकं वर न उचलता अख्खं ग्राउंड दिसायचं. दोघं आमच्याच वर्गात, एकाच बाकावर. परीक्षेत एकमेकांचं बघून लिहायचे, एका ताटात मिसळ खायचे. पण ग्राउंडवर उतरले की खेळ खलास. नंदीवेस आणि माळगल्लीच्या मध्ये एक रस्ता आहे, बैलगाडी जाईल एवढा. दोन्ही पेठांत सोयरीक चालते, अर्ध्या माळगल्लीचं आजोळ नंदीवेशीत आहे. पोरगी देतील, पण चेंडू देणार नाहीत. दिग्यानं पहिल्या वर्षी कॉलेजसाठी नाव दिलं तेव्हा नंदीवेस तालमीच्या वस्ताद भैरूअण्णांनी त्याला तालमीत उभं करून सांगितलं होतं, “कॉलेजला खेळ. पर माळगल्लीच्या पोराला गोल करून दिलास, तर आपली जर्सी धुऊन घडी घालून आणून दे.” तिकडं इंद्यालाही कुणीतरी हेच सांगितलं असणार. आमच्या कॉलेजचे दोन हुकमी पत्ते, आणि ग्राउंडवर दोघं तीन वर्षं एकमेकांना ओळख दाखवत नव्हते.

मला दुसरं काही नको होतं. कप नको, फायनल नको. दिग्यानं एकदा इंद्याला पास द्यावा आणि तो मी बघावा, बस्स.

शेवटच्या वर्षी जूनमध्येच घोरपडे सरांनी टीमला जिमखान्यात बोलावलं. मी टीममध्ये नसलो तरी दारात उभा होतो. मला कुणी हाकलायचं नाही, फर्निचरमध्ये धरायचे.

“प्राचार्यांनी सांगितलंय,” सर म्हणाले, “यंदा कॉलेजांच्या स्पर्धेत फायनल गाठली तर ठीक. नाहीतर फुटबॉल बंद. ग्राउंडवर कॉम्प्युटरची इमारत बांधायची आहे.”



“दिग्विजय, इंद्रजित, पुढं या. मी वीस वर्षं इथं आहे. तुमच्यासारखी जोडी मला मिळाली नाही आणि आता मिळणारही नाही. बाबांनो, तुम्ही दोघं एकमेकांना चेंडू द्या. बाकीचे नऊ जण नुसते उभे राहिले तरी मी जिंकतो.”

दोघं आपापल्या बुटांकडं बघत राहिले. सर जाळ्या मोजायला आत गेले. मोजण्यासारख्या जाळ्या दोनच होत्या. मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं.

सप्टेंबरात होस्टेलचं पाणी गेलं. सकाळी उजाडायला मी बादली घेऊन ग्राउंडच्या कडेच्या हौदावर गेलो, तर चेंडूचा आवाज. बघतो तर दिग्या आणि इंद्या. दोघंच. दिग्या मधून चेंडू घेऊन यायचा, डावीकडं उभ्या असलेल्या इंद्याला द्यायचा आणि न थांबता आत पळायचा. इंद्या तो अडवायचा नाही, नुसता पाय लावायचा, आणि चेंडू बरोबर दिग्याच्या पुढ्यात जाऊन पडायचा. पुन्हा मधून, पुन्हा डावीकडं, पुन्हा आत. बोलणं नाही, हाक नाही. मी बादली भरायची विसरून उभा राहिलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे लिहायला मला आजही लाज वाटत नाही.

इंद्यानं मला बघितलं. मला वाटलं आता शिव्या बसणार.

“ये की घनसाळ,” तो म्हणाला. “गोलमध्ये उभा ऱ्हा. मोकळ्या गोलात मारून मजा येईना.”

“तुम्ही... हे कधीपासनं?”

“आषाढापासनं,” दिग्या हसला. “सर बोलले न्हवं का.”

“मग सगळ्यांसमोर का नाही करत?”

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. “हितं कोण बघतंय?” इंद्या म्हणाला.

त्यानंतर रोज सकाळी मी गोलमध्ये उभा राहू लागलो. मला काही अडवता यायचं नाही. दोनदा बोट मोडता मोडता वाचलं, एकदा नाक फुटलं. पण ती चाल मी इतक्यांदा बघितली, की डोळे मिटून सांगू शकलो असतो आता दिग्या कुठं असेल. त्या दोघांच्या पायांना ती पाठ झाली होती. अधूनमधून ते थांबून हौदाच्या कठड्यावर बसायचे, आणि दिग्या इंद्याला विचारायचा, “कसा गेला रे?” इंद्या सांगायचा, “वीतभर मागं पडला,” नाहीतर, “बेस गेला.” ह्यापलीकडं ते फुटबॉलवर बोलायचे नाहीत.

पहिली मॅच पन्हाळ्याच्या पलीकडं एका गावातल्या कॉलेजशी, त्यांच्याच ग्राउंडवर होती. एस. टी. बदलून जायचं म्हटल्यावर कोल्हापुरातून कोण येणार? प्रेक्षकांत मी आणि पिराजी. आम्ही एका गोलनं मागं होतो, वेळ संपत आली होती. दिग्यानं मधून चेंडू घेतला आणि एकदा कडेला बघितलं. कडेला आम्ही दोघं आणि शेंगांची पुडी. त्यानं इंद्याला दिला, आत पळाला, इंद्यानं पाय लावला, दिग्यानं जाळीत मारला. मग अगदी शेवटच्या मिनिटाला उलटं झालं. दिग्यानं दिलेल्या चेंडूवर इंद्यानं गोल केला. आम्ही जिंकलो. ‘प्रसाद’ जिंकला! मी पिराजीला इतका घट्ट धरला, की त्याच्या खिशातल्या शेंगांचा चुरा झाला.

“व्हय रे, दिला की त्यानं,” पिराजी म्हणत होता. “दिला की!”

दोघं मात्र शिट्टी झाल्यावर दोन वाटांनी बाहेर आले. घोरपडे सर कुणाच्याही गळ्यात पडत होते. परतताना एस. टी.त ते एकटेच हसत होते.

आणि मग त्यांनी ते केलं, जे वीस वर्षं हरणारा कुठलाही माणूस करेल. गावातल्या पेपरच्या कचेरीत गेले आणि बातमी देऊन आले. दुसऱ्या दिवशी तीन ओळी आल्या. ‘दिग्विजय सरनाईकच्या सुरेख पासवर इंद्रजित चौगुलेचा विजयी गोल.’ सरांनी ते कात्रण सूचना फलकावर चार टाचण्या मारून लावलं.

“सर,” मी म्हणालो, “पास देणाऱ्याचं नाव नव्हतं छापायचं.”

“का रे? चांगलं काम केलंय पोरांनी. चोरी केलीय का?”

सर साताऱ्याचे. वीस वर्षं कोल्हापुरात राहूनही ते साताऱ्याचेच राहिले होते.

त्या दिवसापासून सकाळी हौदावर कुणी आलं नाही. मी दोन-तीनदा जाऊन बादली भरून आलो.

पुढची मॅच म्हणजेच सेमीफायनल, ती स्टेडियममध्ये होती. आम्ही गेलो आणि बघतच राहिलो. पब्लिक! आमच्या मॅचला पब्लिक! पूर्वेच्या पायऱ्यांवर नंदीवेस, पश्चिमेला माळगल्ली, दोन्हीकडं ढोल, हलगी. पहिली पाच मिनिटं मी वेड्यासारखा आनंदलो. तीन वर्षं एकटा बोंबलत होतो आणि आता हजारो माणसं आमच्या टीमसाठी ओरडत होती. मग माझ्या ध्यानात आलं. इंद्याकडं चेंडू गेला की पूर्वेकडनं हुर्यो उठत होती. दिग्याकडं आला की पश्चिमेकडनं शिव्या. समोरच्या कॉलेजला कुणी काही म्हणत नव्हतं. एकाच टीमला टाळ्या वाजवायला एकमेकांचे दोन शत्रू आले होते.

“आता बघ तू,” पिराजी म्हणाला. त्यानं त्या दिवशी शेंगा आणल्या नव्हत्या.

दुसऱ्या हाफमध्ये दिग्याला मधून वाट मिळाली. डावीकडं इंद्या, मोकळा. मी उभा राहिलो. दिग्यानं पाय उचलला, पासासाठीच उचलला, मला त्याचा पाय ओळखू येत होता. आणि पूर्वेकडनं भैरूअण्णांचा आवाज आला. त्यांनी शिवी दिली नाही, काही सांगितलं नाही. नुसतं नाव घेतलं, “दिग्या!”

पाय हवेत थांबला. तेवढ्यात त्यांच्या बॅकनं चेंडू काढून घेतला, लांब मारला, आणि आमचा गोलकीपर पुढं आलेला होता. एक गोल. तोच पुरला.

मॅच संपल्यावर दिग्या नळावर पाय धूत होता. मी चिडून गेलो. “का नाही दिलास? पाय उचललेला तू. फुटबॉल बंद झाला आता आपला. का नाही दिलास?”

त्यानं वर बघितलं. रडून डोळे लाल झाले होते. “मला घरला जायचं असतंय रे, घनसाळ,” तो म्हणाला.

मी आजऱ्याला जाणारा माणूस.

दिवाळीनंतर ग्राउंडवर फक्की मारून पाया आखला. घोरपडे सरांना लायब्ररीच्या कामाला लावलं. आमचं सगळं सपाट झालं आणि जानेवारीत तालमींची लीग सुरू झाली. नंदीवेस विरुद्ध माळगल्ली. मला जायचं नव्हतं. कुणासाठी ओरडू मी? पिराजीनं ओढत नेलं. जागा मिळाली ती माळगल्लीच्या पायऱ्यांवर, एका पांढऱ्या मिशांच्या म्हाताऱ्याशेजारी.

मॅच तुंबळ झाली. दोघांना पिवळी कार्डं, एकाचं डोकं फुटलं, पण गोल नाही. अगदी शेवटाकडं नंदीवेशीनं जोर लावला. माळगल्लीचे सगळे बचावाला मागं आले, इंद्यापण. दिग्या मधून चेंडू घेऊन आला. चारी बाजूंनी माणसं, कुणाचे पाय, कुणाचे हात. तो अडकला. डोकं वर करायला सवड नव्हती. त्यानं चेंडू डावीकडं ढकलला आणि आत पळाला.

डावीकडं इंद्या होता, निळ्या जर्सीत, माळगल्लीचा. चेंडू त्याच्याकडं आला.

मला कळलं. चेंडू इंद्यापर्यंत पोचायच्या आधी मला कळलं, आणि मी उठून ओरडलो, “नको!”

इंद्यानं तो अडवला नाही. नुसता पाय लावला. चेंडू जाऊन पडला तो दिग्याच्या पुढ्यात, वीतभरही मागं नाही. दिग्यानं जाळीत मारला.

तीन वर्षं मी ज्याची वाट बघितली ती चाल त्या गावानं एकदाच बघितली, आणि ती अशी बघितली.

पूर्वेकडं आभाळ फाटलं. आमच्या बाजूला चिडीचूप. मग शेजारचा म्हातारा मांडीवर हात मारून म्हणाला, “पाय गेला पोराचा! घाबरून गेला पाय. आरं, हुतंय असं. बाहेर मारायला गेला आन् आत गेला.” पुढच्या पायरीवरचा कुणीतरी म्हणाला, “व्हय, चुकला.” दोघा-तिघांनी माना हलवल्या. शिव्या देत होते, पण चुकलेल्याला द्यायच्या त्या शिव्या. ते खपलं असतं. आठवडाभर इंद्याला कुणी चहा पाजला नसता, मग पाजला असता.

इंद्या जागच्या जागी उभा होता. आपल्या पायाकडं बघत होता.

नंदीवेशीची पोरं दिग्याला खांद्यावर घ्यायला धावली. दिग्या त्यांच्यात थांबला नाही. त्यांना ढकलून तो उलटा पळत आला, आणि भर स्टेडियममध्ये, दोन्ही पेठांसमोर, त्यानं इंद्याला कडकडून मिठी मारली.

“दिग्या, सोड,” मी इकडं पुटपुटत होतो. “सोड रे त्याला. सोड.”

तो सोडेना. इंद्यानं हात खाली ठेवले होते. मग त्याचे हात हळूहळू वर आले आणि दिग्याच्या पाठीवर टेकले.

म्हातारा खाली बसला. “न्हाई,” तो म्हणाला. “चुकला न्हाई ह्यो.”

पहिली चप्पल आमच्याच पायऱ्यांवरून गेली. पुढचं मी सांगत नाही. पोलिसांनी दोघांना दोन दारांनी बाहेर काढलं. दिग्याची जर्सी त्याच संध्याकाळी गेली, इंद्याच्या घराच्या काचा सकाळपर्यंत राहिल्या नाहीत. माळगल्लीत त्याच्या वडिलांचं दूध कुणी घेईना. इंद्यानं जर्सी घातली नाही पुन्हा, दिग्यानंही नाही. ते दोघं पुन्हा भेटल्याचं मी ऐकलं नाही. दिग्याला नंतर मी एकदाच बघितलं. फेब्रुवारीत, सायकलवर. त्यानं मला हात केला नाही.

इंद्याला मात्र मी एस. टी. स्टँडवर गाठलं. वडिलांनी त्याला बार्शीला आत्याकडं पाठवायचं ठरवलं होतं. वळकटीवर बसला होता, कपाळावर पट्टी. परीक्षा तोंडावर आली होती, मी नोट्स आणल्या होत्या. त्यानं त्या घेतल्या आणि वळकटीखाली सारल्या.

“मुद्दाम दिलास?” मी विचारलं. मला विचारल्याशिवाय राहवेना.

“न्हाई रे. तो आत पळाला न्हवं का,” इंद्या म्हणाला. “मग?”

बार्शी गाडी लागली. त्यानं वळकटी खांद्यावर घेतली, दोन पावलं गेला आणि परत आला.

“घनसाळ, एक सांग. तू वरनं बघितलास.” त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. “कसा गेला रे? गल्लीत कुणाला इचारायची सोय न्हाई.”

“बेस गेला,” मी म्हणालो. “लई बेस गेला, इंद्या.”

त्यानं मान हलवली आणि तो गाडीत चढला.